जावयाने लावलेली काच

माझ्या जावयाने आमच्या भिंतीवर लावलेली काच मी बदलली, आणि ही गोष्ट संपूर्ण पावसाळाभर कोणालाही सांगितली नाही. काच जेमतेम बोटभर रुंदीची होती. तिच्यापायी माझ्या थोरल्या भावाला घर सोडावे लागले, अर्ध्या गल्लीत चतुर्थीच्या आधीच गणपती येऊन बसले, आणि एका चांगल्या अभियंत्याने आजारी भिंतीची तब्येत उत्तम असल्याचे सांगितले. एवढे सगळे घडवत असताना मी स्वतःला अत्यंत जबाबदार गृहस्थ समजत होतो.

आमचे घर पेणला. खाली पुढे कारखाना, त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि मागची खोली, वर झोपायच्या खोल्या. (पेणमध्ये कारखाना म्हटले की तो गणपतींचाच, दुसऱ्या कशाचा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.) खालच्या भिंती आजोबांच्या काळच्या, दगड-चुन्याच्या, वरचा मजला वडिलांनी नंतर विटांचा चढवला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मूर्ती घडवतो आणि शेवटी डोळे आखतो. त्याने लग्न केले नाही. वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला त्याची खोली आहे आणि तिच्याबाहेर फार वेळ राहण्याची त्याला सवय नाही. माझ्याकडे प्लास्टर कालवणे, साचे भरणे, आणि मुख्य म्हणजे डागडुजी. सोंडेला गेलेला तडा, निखळलेले बोट, उडालेला मुकुटाचा कोपरा, हे सगळे मी असे जोडतो की नंतर मला स्वतःलाही जागा सापडत नाही. आमच्या कारखान्याचा नियमच आहे: मूर्तीला तडा गेला तर बोभाटा करायचा नाही, गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी तो नाहीसा झाला पाहिजे. तो का गेला, हे विचारण्याइतका वेळ हंगामात कोणाला असतो?

हाच नियम आम्ही भिंतीलाही लावला होता. मागच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघून, वळणे घेत, वर दादाच्या खोलीपर्यंत गेला होता. दर वर्षी हंगाम संपला की उरलेल्या प्लास्टरने मी तो बुजवीत असे, पॉलिशपेपरने घाशीत असे आणि मूर्ती रंगवण्याच्या गनने त्यावर भिंतीच्या रंगाची हलकी सावली मारीत असे. पुढच्या वर्षी तो परत येई.

“भिंत जरा सैल व्हते पावसात,” दादाचे निदान असे. “थंडीत आवळंल.”

मुलीचे, मेघनाचे, लग्न झाले आणि शिमग्यानंतर जावई पहिल्यांदा निवांत जेवायला आला. निखिल रोह्याला राहतो. जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हेच त्याचे काम. हे आम्हाला स्थळ पाहतानाच ठाऊक होते. पण डॉक्टर जावई घरी आला म्हणून तो पानावर बसण्यापूर्वी सगळ्यांची नाडी पाहील, अशी कोणाची अपेक्षा नसते.

“अहो, बाहेर या,” सुलभा, म्हणजे माझी पत्नी, कुजबुजली. “जावई भिंतीला कान लावून उभे आहेत.”

“मग?”

“मग काय? मी विचारू का त्यांना, काय म्हणते भिंत?”

मी मागच्या खोलीत गेलो. निखिल बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून ऐकत होता. मग त्याने माझा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि हलकेच टोक घातले. खाज्याचे पापुद्रे सुटावेत तसे माझे अनेक वर्षांचे कर्तृत्व थराथराने त्याच्या तळहातावर आले.

“बाबा,” तो अतिशय अदबीने म्हणाला, “ही भिंत तुम्ही दुरुस्त नाही केलीत. हिला मेकअप केलाय.”

“रंग जुळला आहे की नाही?” मी विचारले.

“रंग फारच सुंदर जुळलाय. तोच तर त्रास आहे.”

मग त्याने आम्हाला बसवून समजावले. तडा बुजवणे हे शेवटचे काम. आधी तो थांबला आहे की अजून वाढतो आहे, ते कळले पाहिजे. थांबला असेल तर काम सोपे. वाढत असेल तर खाली पाया कुठेतरी खचतो आहे, आणि ते कारण शोधल्याशिवाय वरून काहीही भरले तरी व्यर्थ. हे कळण्यासाठी त्याने एक साधी युक्ती केली. काचेची एक पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवली आणि तिची दोन्ही टोके दोन बाजूंना प्लास्टरने पक्की केली. (प्लास्टर मी कालवून दिले. ‘झकास आहे,’ असे तो म्हणाला, आणि मला उगाचच भरून आले.) शेजारी पेन्सिलीने त्याने आपली छोटीशी सही केली.

“भिंत जराही हलली की काच तडकेल. तिला कोणी हात लावायचा नाही. आणि काच तडकली, तर मोठ्या बाबांनी वरच्या खोलीत झोपायचं नाही. काम होईपर्यंत आमच्याकडे रोह्याला यायचं.”

मोठे बाबा म्हणजे दादा. त्याने हातातला भाताचा घास परत पानात ठेवला.

“लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हाऊ? मी?”

“सासर कुठलं, मोठे बाबा? आम्ही दोघंच तर असतो तिथे.”

“दोघं असा नायतर दहा असा. दोन दिस पाव्हणा म्हणून येईन. खाट टाकून ऱ्हायचं नाय आपल्याला.”

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाचे लक्ष त्या काचेकडे लागले. दादा सकाळी खाली उतरला की देवाच्या आधी काचेचे दर्शन घेई.

आता मला माझ्या स्वभावाविषयी थोडे सांगणे भाग आहे. कुठेही काहीही बिघडले की ते आपल्यामुळेच बिघडले असावे, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. गाडी उशिरा आली तर मी स्टेशनमास्तरांकडे ओशाळून पाहतो. वैशाखात एके दिवशी मोठा साचा उचलून मी मागच्या खोलीतून नेला, माझे कोपर भिंतीला घासल्यासारखे वाटले, आणि मागे वळून पाहतो तो काचेत केसासारखी रेघ! कोपर काचेपासून चांगले हातभर लांब होते. पण हा विचार मला तेव्हा शिवला नाही. जावयाने पुन्हा पुन्हा सांगितले होते, हात लावू नका. आणि सासऱ्याने कोपर लावले. शिवाय काच तडकली म्हणजे दादाची रवानगी. माझ्या एका कोपरासाठी थोरल्या भावाने घर सोडावे?

दादा बाजारात गेला होता. मी जुन्या कपाटाच्या दाराची काच कापली (एक पट्टी निघाली, बाकीचीचा चुरा झाला), प्लास्टर कालवले, पट्टी बसवली. नवे प्लास्टर फार पांढरे दिसते, म्हणून वरून चहाच्या पाण्याचा हात फिरवला. प्लास्टरखाली गेलेली जावयाची सही बाजूला पुन्हा केली; शेवटच्या अक्षराची शेपूट मूळ सहीपेक्षा थोडी अधिक डौलदार झाली असेल, पण ती कमी करणे माझ्या हाताला जमेना.

ज्येष्ठात निखिल येऊन पाहून गेला. काच शाबूत.

“बरं लक्षण आहे,” तो म्हणाला. “अजून एक पावसाळा जाऊ दे. तोवर वरच्या खोल्यांत थोडा माल ठेवायला हरकत नाही.”

“थोडा म्हणजे किती रे?” तो गेल्यावर मी दादाला विचारले.

“थोडा म्हणजे मावंल तेवढा.”

हमरापूरहून रंगवायला आलेल्या मूर्ती आणि आमच्या स्वतःच्या, अशा सगळ्या वर गेल्या. दादाच्या खाटेभोवती एवढे गणपती उभे राहिले की रात्री कूस बदलताना त्याला कोणाची ना कोणाची परवानगी घ्यावी लागे. तो अतिशय खूश होता. मीही होतो. जावयासारखा जाणकार माणूस भिंत ठीक आहे म्हणतो, तेव्हा आपण कशाला शंका घ्यावी, असे मी मनाला सांगत होतो. ज्या काचेवरून तो हे म्हणाला ती मीच लावली होती, एवढा तपशील मी बाजूला ठेवला होता.

पाऊस लागला आणि काच पुन्हा तडकली. त्या दिवशी मागचे दार वाऱ्याने आपटले होते आणि ते बंद करायला मीच विसरलो होतो. म्हणजे पुन्हा मीच! या वेळी देवघरातल्या, आरती छापलेल्या तसबिरीची काच गेली, तीही एका पट्टीपायी सगळी. त्यानंतर आषाढात, चहात साखर कमी पडल्यावरून, मी सुलभावर आवाज चढवला. मी सहसा आवाज चढवत नाही. चढवला तरी तो शेजारच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. पण दुसऱ्या दिवशी काच तडकलेली, आणि माझ्या क्रोधाच्या सामर्थ्याने मी स्वतःच चकित झालो.

यानंतर मी घराला शिस्त लावली. मागचे दार हाताने धरून लावायचे. मिक्सर पुढच्या खोलीत. नारळ अंगणात फोडायचा.

“दादा, खोकताना जरा बेताने.”

“खोकल्याला काय सांगू, बेतानं ये म्हणून?”

“तुम्हाला झालंय तरी काय?” सुलभा म्हणाली. “चोरासारखे चवड्यांवर काय चालता घरात?”

आता घरात साधी काच उरली नव्हती. बाजारातून आणावी तर पेण हे लहान गाव. काचवाला पहिला प्रश्न विचारणार, काय फुटले? नाइलाजाने न्हाणीघराच्या खिडकीची काढली. तिच्यावर उठावाची बारीक फुले होती. मी फुलांची बाजू भिंतीकडे वळवली आणि खिडकीला प्लास्टिकचा कागद लावून, काच वाऱ्याने गेली, असे जाहीर केले. सुलभाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. पण वाऱ्याचे दिवस होते.

श्रावणात निखिल आणि मेघना न कळवता आले. आम्ही सगळे मागच्या खोलीत, भिंतीपासून दूर, चहा घेत बसलो होतो. कोणी खोकले नाही, कोणी रागावले नाही, दार उघडेच होते.

टक्.

काच आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत मधोमध तडकली.

‘माझे चुकले’ हे शब्द सवयीने माझ्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. मी खोलीच्या या टोकाला होतो. हातात कप होता. म्हणजे ही काच मी फोडली नव्हती. म्हणजे आधीच्याही मी फोडल्या नव्हत्या! भिंतच चालली होती, सबंध उन्हाळा आणि पावसाळा, आणि तिचा प्रत्येक गुन्हा मी आपल्या अंगावर घेऊन पुरावा नष्ट करीत आलो होतो. आयुष्यात प्रथमच मी निर्दोष ठरत होतो, आणि ते कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

निखिलने तुकडा काढून उजेडात धरला.

“मी लावली होती ती काच साधी होती,” तो सावकाश म्हणाला. “हिच्यावर फुलं आहेत.”

सुलभाने फुले पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. छतातही एक बारीक तडा होता.

निखिल तसाच वर धावला. दादाच्या खोलीचे दार त्याने लावून पाहिले. वरच्या कोपऱ्यात दोन बोटे जातील एवढी फट होती आणि दाराची कड ताजी, पांढरी, रंधा मारलेली दिसत होती.

“मोठे बाबा, हे दार कोणी तासलं?”

“अडकत व्हतं,” दादा म्हणाला.

“कधीपासून?”

“पाऊस लागल्यापासून अडकतंय. मी तासतोय.”

“भिंत खचली की चौकट वाकडी होते, म्हणून दार अडकतं. हे मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर खोलीत ठेवला असतास मला?”

निखिलने उसासा टाकला. “आणि मग काचही तुम्हीच बदललीत.”

“काच मी नाय बदलली.”

“मोठे बाबा…”

“नाय म्हणतो ना. दार मी. काच मी नाय.”

दाराची कबुली दिलेल्या माणसाला काचेबाबत कोण सोडतो? मेघना म्हणाली, “मोठे बाबा, असू दे, कोणी रागावलं नाही तुम्हाला,” आणि हे ऐकून दादाचा चेहरा जसा झाला तसा मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती जागा माझी होती. एक पाऊल पुढे टाकून दोन वाक्ये बोलायची होती. मी म्हणालो, “मूर्ती आधी खाली आणल्या पाहिजेत.”

मूर्ती खाली आणल्या. भिंतीला आणि छताला टेकू लागले. भर पावसात ताडपत्रीखालून एकेक गणपती शेजाऱ्यांकडे पोहोचवला.

“आमच्याकडं दीड दिवसाचा असतो,” समोरच्या वहिनी सोफ्यावर बसलेल्या रांगेकडे पाहत म्हणाल्या. “तुम्ही तर पलटणच आणलीत. नैवेद्य दाखवायचा काय सगळ्यांना?”

संध्याकाळी दादा पिशवी घेऊन जावयाच्या गाडीत बसला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

उरलेल्या मूर्तींचे डोळे त्या वर्षी मी आखले. आखणी स्वच्छ होती. गिऱ्हाइके मूर्ती हातात घेत आणि जरा घुटमळत. “चांगली आहे,” एक नेहमीचे गृहस्थ म्हणाले. “पण यंदा बाप्पा थोडा ओशाळल्यासारखा दिसतोय, नाही?”

पाऊस उलगडल्यावर निखिलने भिंतीच्या बाहेरून खणायला घेतले, आणि आजाराचे मूळ सापडले. मागच्या मोरीचा पाइप भिंतीच्या अगदी पायाला लागून जात होता. तो आतून पूर्ण तुंबलेला. सांधा उघडा पडून कित्येक वर्षांचे पाणी पायाखालच्या चिकणमातीत मुरत होते. गवंड्याने पाइप फोडला तेव्हा आतून प्लास्टरचा एक अखंड, गुळगुळीत, लांबलचक दंडगोल बाहेर आला. एवढा निर्दोष ओतीव नग आमच्या कारखान्यात कधी निघाला नव्हता.

“साचा कुठला वो काका?” गवंडी म्हणाला. “फिनिशिंग एक नंबर हाय.”

वडिलांच्या वेळी प्लास्टरच्या बादल्या उन्हात सुकवून, खरवडून, ते खरवडलेले बाहेर टाकत. मी वेळ वाचवायला त्या थेट मोरीत विसळत असे. घरात बादल्या विसळणारा मीच. भिंतीचा जो गुन्हा मी चुकून अंगावर घेतला होता, तो शोधाअंती खरोखर माझाच निघाला! निर्दोष असण्याचा माझा काळ श्रावण ते कार्तिक एवढाच टिकला.

निखिलने काम मात्र देखणे केले. पाइप भिंतीपासून दूर नेला. पायाखाली एकदम न खणता थोडे थोडे खणून काँक्रीट भरले. मग तडा उघडा केला, त्याच्या आडवे लोखंडी गज बसवून भिंत अक्षरशः टाके घालून शिवली, आणि वर चुन्याचा गिलावा. रंग देण्याआधी त्याने पुन्हा एक काच लावली. मी त्या खोलीत जाणेच सोडले. काच तशीच राहिली.

“आता मोठ्या बाबांना घेऊन यायला हरकत नाही,” निखिलने फोनवर सांगितले. “पण ते यायला तयार नाहीत. कारण सांगत नाहीत.”

कारण मला ठाऊक होते. मी पेणहून सकाळची गाडी धरली. वाटेत माफीचा मजकूर तयार केला. निघताना तो पुष्कळ लांब होता आणि त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. नागोठण्याला तो शब्द मी काढला. निडीला वडिलांचा उल्लेख काढला, कारण तो केवळ दादाने विरघळावे म्हणून घातला होता. रोह्याला उतरलो तेव्हा उरले ते चांगले घडवलेले एक वाक्य होते.

निखिलचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दादा गॅलरीत खुर्चीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होता. निखिल आत कॉम्प्युटरवर काम करीत होता, मेघना स्वयंपाकघरात. मी दादाजवळ स्टूल ओढले आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, “दादा, गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून जो अपराध घडला आणि ज्याचा दोष तुझ्यावर आला, त्याबद्दल मी क्षमा मागायला आलो आहे.”

“काय?”

दादाला एका कानाने कमी ऐकू येते. मी दुसऱ्या बाजूला गेलो.

“माझ्या हातून चूक झाली.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

“मोठ्यानं बोल की रे, सदा. गाड्या जातायत खाली.”

“काच मी बदलली!”

“कसली काच?”

वाक्य जसे लहान होत गेले तसा आवाज मोठा होत गेला. शेवटी मी उभा राहिलो आणि ज्या आवाजाने मी कधी गिऱ्हाइकालाही हाक मारली नव्हती, त्या आवाजात ओरडलो, “भिंतीवरची काच मी बदलली! दर वेळी मीच! मोरीचा पाइपही मीच तुंबवला! तू काही केलं नाहीस! मला माफ कर!”

खाली रस्त्यावर एक सायकल थांबली. निखिल कॉम्प्युटर सोडून दारात येऊन उभा होता. त्याच्या मागे मेघना, हातात लाटणे.

“ठाऊक हाय,” दादा शेंगांकडे पाहत म्हणाला. “न्हाणीची काच मी वळखणार नाय काय? रोज बघत व्हतो. गप बसलो, मला खोली सोडायची नव्हती.”

“मग मला एवढं ओरडायला का लावलंस?”

“मला ठाऊक हाय. जावयाला ठाऊक नव्हतं.”

निखिल पुढे झाला आणि वाकून दादाच्या पाया पडला. “चुकलं माझं, मोठे बाबा.” मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “बाबा, त्या सह्याही?”

मी मान डोलावली.

“मी पाहिल्या त्या दोन्ही फारच छान होत्या.”

दादाने शेंगांचे ताट मेघनाच्या हातात दिले. “काय गो, माझी पिशवी दे. कवाची भरून ठेवलीय.”

आम्ही जिना उतरू लागलो. दादा पुढे, मी पिशवी घेऊन मागे. प्रत्येक मजल्यावर दारे उघडी होती आणि दारांत माणसे. आवाजाबद्दल मी एकेका दारात थांबून दिलगिरी व्यक्त करीत होतो. तळमजल्यावर एक आजीबाई खास खुर्ची बाहेर घेऊन बसल्या होत्या.

“आमची कशाला माफी मागता?” त्या म्हणाल्या. “आम्हाला सगळं नीट ऐकू आलं. पाइप साफ केला ना पण?”

“केला,” मी म्हणालो. “माफ करा.”